आधी बाहेरची वाट, मग कपाट

पसारा काढायला बसण्याआधी एकच गोष्ट पक्की करा: काढलेलं सामान घराबाहेर कसं जाणार? कोण नेणार, कुठे, कोणत्या दिवशी आणि कशातून? ही उत्तरं कागदावर येईपर्यंत कपाटाला हात लावू नका. मागच्या वेळी मी बाकी सगळं केलं होतं, वर्गवारी केली, पिशव्या भरल्या, पिशव्यांवर चिठ्ठ्यासुद्धा चिकटवल्या, आणि नेमकं हेच राहिलं. पिशव्या आधी दाराशी होत्या, मग पलंगाखाली गेल्या, मग माळ्यावर. मधेच घरातलं कुणीतरी एखादी उघडायचं, ‘अगं, ही तर चांगली आहे की’ म्हणायचं आणि काहीतरी परत आत न्यायचं. शेवटी कपाटंही भरली आणि माळाही.

याला नुसता आळस म्हणून चालणार नाही, मनाचीही खोडी आहे. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना कॉफीचे साधे मग दिले आणि ‘किती मिळाले तर विकाल’ असं विचारलं. ज्यांना ते मिळाले नव्हते, त्यांना ‘किती देऊन घ्याल’ असं विचारलं. विकणाऱ्यांचा आकडा घेणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही वर गेला. नुकत्याच हातात आलेल्या मगची ही कथा, तर खुंटीला वर्षानुवर्षं लटकणाऱ्या बॅगेचं काय सांगावं! पिशवी घरात आहे तोवर आतली वस्तू तुमचीच असते आणि तिचा भाव वाढत जातो. म्हणून आधी वाट.

दिवस ठरवताना उलटं मोजा. सामान न्यायला माणूस शनिवारी दुपारी येणार असेल तर आवरायला शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ. तेवढ्यात जेवढं होईल तेवढंच काढायचं. ‘आधी सगळं काढू, मग बघू कुणाला देता येतं’ हा बेत सपशेल वाईट. ज्यांना द्यायचं त्यांना आधी फोन करा आणि काय घेता, काय नाही, ते स्पष्ट विचारा. वापरलेल्या गाद्या, उशा, आतले कपडे, जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं हे सहसा कुणाला नको असतं. फाटकं, डागाळलेलं, चेन तुटलेलं ‘गरजूंना देऊ’ म्हणून बांधून ठेवू नका. आपला कचरा आवरायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं हे दान नव्हे.

साधनं फार लागत नाहीत. जाड पिशव्या, मार्कर, दोरी, चिकटपट्टी, फडकं. पिशव्या आरपार दिसणाऱ्या नकोत, आतलं दिसलं की हात जातो. आणि डबे, खोकी, कप्पे, ऑर्गनायझर म्हणून जे काही विकायला असतं त्यातलं काहीही आत्ता आणू नका. आत्ता म्हणजे आत्ता. पसारा नीट रचून ठेवला की आवरल्यासारखं वाटतं, कमी मात्र काहीच झालेलं नसतं.

सुरुवात माळ्यापासून नको, फोटोंपासून तर नकोच. औषधांचा डबा घ्या. तिथे जीव अडकत नाही, तारीख वाचायची आणि बाजूला काढायचं. पट्टीवरची तारीख कापली गेली असेल तर अंदाज बांधू नका, तीही काढा. गोळ्या बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका, पाण्यात जातात. औषधांच्या दुकानात परत घेतात का ते विचारा. हाही वाटेचाच प्रश्न, आधी विचारायचा.

कपडे: अंगावर चढवून बघा. बारीक झाल्यावर घालू म्हणून ठेवलेले किती ते तुमचं तुम्ही ठरवा. पुढे.

कागदांवर मात्र वेळ घालवा, इथे घाई केली की पस्तावाल. मालकी, जन्म, शिक्षण, कर, विमा यांचे कागद एका जाड फोल्डरमध्ये घाला आणि त्या दिवसापुरते खोलीबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात द्या. नाहीतर रद्दीच्या गठ्ठ्यात जाणार, आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद पहिला जाणार. खरेदीच्या पावत्या उजेडात धरून बघा. गुळगुळीत, किंचित चकाकणाऱ्या कागदावरच्या बऱ्याच पावत्यांवर शाई नसतेच, कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो आणि तीच अक्षरं. पुढे ती विरत जातात. फ्रिजची वॉरंटी जपून ठेवलेली असते आणि उघडावं तर पांढरा कागद, कोपऱ्यात दुकानाच्या नावाची फिकट सावली. ज्या वाचता येतात त्यांचा आजच फोटो काढा. लॅमिनेट करायला जाऊ नका, त्या उष्णतेने अख्खी पावती काळी पडते. खातेक्रमांक असलेले कागद रद्दीत घालण्याआधी बारीक फाडा, एकदा आडवे, एकदा उभे.

मग तो वायरींचा खण. प्रत्येक घरात असतो. कुठल्या यंत्राची वायर ते घरातल्या कुणालाही सांगता येत नसेल तर ती गेली. जुना फोन देण्याआधी त्यातल्या खात्यातून बाहेर पडा, मग तो पूर्ण पुसा. क्रम चुकला तर पुढच्या माणसाला फोन उघडतच नाही आणि तो तुम्हाला पासवर्ड विचारत बसतो. सिम आणि मेमरी कार्ड काढलं का, पुन्हा बघा. सुट्या लिथियम बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, टोकं धातूला लागली तर पेट घेऊ शकते. फुगलेली पॉवर बँक दाबू नका, टोचू नका, ‘चालते का बघू’ म्हणून चार्जिंगला तर मुळीच लावू नका. हे सगळं रोजच्या कचऱ्यात जात नाही, याची वाट वेगळी. वळलेल्या नळ्यांच्या जुन्या सीएफएल दिव्यांत पारा असतो, त्यांचीही वेगळी. ई-कचरा कोण, कुठे, कधी घेतं ते लिहिलंय का कागदावर? नसेल लिहिलं तर हा खण बंद करा आणि आधी ते शोधा. मी थट्टा करत नाही. उरलेल्या पसाऱ्यात सगळ्यात चिवट हाच असतो, कारण तो फेकवतही नाही आणि कुणी मागतही नाही.

दुसऱ्याच्या वस्तू दुसऱ्याला विचारल्याशिवाय काढायच्या नाहीत. मुलांच्याही नाहीत. एक खेळणं गुपचूप गेलं की पुढची कितीतरी वर्षं हरवलेल्या प्रत्येक गोष्टीचा आळ तुमच्यावर. त्यांना एक खोकं द्या आणि सांगा, यात मावेल ते तुमचं. वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका, त्यांचं कपाट त्यांचं.

काही वस्तूंपाशी हात अडणारच. त्यांच्यासाठी एकच खोकं. चिकटपट्टीने बंद करा, वर मुदतीची तारीख घाला. आत काय आहे ते लिहू नका. तारखेपर्यंत आतलं काही आठवलं नाही तर न उघडता बाहेर. दुसरं खोकं केलंत तर मागचा माळा पुन्हा उभा राहिला म्हणून समजा.

आता पुन्हा तेच, कारण दुपारपर्यंत सगळे दमतात आणि ‘उद्या नेऊ’ सुरू होतं. पिशवी बांधली की घराबाहेर. गाडीत, शेजारच्याला विचारून त्याच्या व्हरांड्यात, कुठेही, पण उंबऱ्याच्या आत नाही. जिना किंवा बाहेर पडायची वाट मात्र अडवू नका. नेणारा आला नाही तर त्याच दिवशी दुसऱ्याला फोन. दोन नंबर हाताशी ठेवा, एकावर विसंबू नका. आणि बांधलेली पिशवी कुणीही उघडायची नाही. ‘फक्त बघते’ हेही नाही.

स्वयंपाकघर: झाकणाशिवायचे डबे, डब्याशिवायची झाकणं, कडेला टवका उडालेलं. झालं.

पुस्तकं: पुन्हा वाचणार का? नाही? वाचनालय घेत असेल तर तिकडे. वाळवी किंवा कसर दिसली तर कुणालाही देऊ नका.

माळा: मास्क लावा, स्टूल धरायला एक माणूस लागेल.

फोटो राहू द्या. त्यांना वेगळा दिवस लागतो आणि सोबत बसायला कुणीतरी. एकमेकांना चिकटलेले असतील तर ओढून सोडवायला जाऊ नका, वरचा थर निघून येतो.

कप्पे पुसून कोरडे झाले की उरलेलं परत लावा. लगेच गच्च भरायची गरज नाही. डबे आणायचेच असतील तर कप्प्याचं माप घेऊन आता आणा.