कुत्र्याच्या वाडग्यात काय आणि किती

पाळलेल्या कुत्र्याला काय खायला घालावे, या प्रश्नावर इंदूरच्या मराठी घरांत साधारणपणे दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष पोळी-दुधाचा, दुसरा पाकिटातल्या दाण्यांचा. आणि दोघांचाही आपापल्या बाजूवर इतका विश्वास असतो की कुत्र्याचे वजन किती आहे, हे मात्र दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही. माझ्या मते निवडीची सुरुवात तिथून करावी. कुत्र्याला उचलून घेऊन घरातल्या वजनकाट्यावर उभे राहावे आणि आलेल्या आकड्यातून आपले वजन वजा करावे. उचलता येण्यापलीकडचा असेल तर दवाखान्यातल्या काट्यावर न्यावा.

वजन कळले की रोजची गरज साध्या मोबाइलवरही काढता येते. वजनाच्या आकड्याचा घन करावा, त्याचे वर्गमूळ काढावे, आलेल्या उत्तराचे पुन्हा वर्गमूळ काढावे आणि त्याला 70 ने गुणावे. स्वस्थ पडून राहणाऱ्या कुत्र्याला लागणारे हे कॅलरींचे माप होय. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी ते 1.6 ने गुणतात, नसबंदी न झालेल्यासाठी 1.8 ने, आणि चार महिन्यांखालच्या पिल्लासाठी 3 ने. म्हणजे नसबंदी झालेल्या 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे 630 कॅलरी लागतात आणि 25 किलोच्या लॅब्राडोरला सुमारे 1250. हा अंदाज आहे. प्रत्यक्षात कुत्र्यागणिक त्यात बराच फरक पडतो, आणि तो फरक बरगड्या सांगतात. आपला हात पालथा धरून बोटे सरळ करावीत आणि बोटांच्या मागच्या बाजूवरून दुसरा हात फिरवावा: कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या तर वजन ठीक आहे. मुठीच्या सांध्यांसारख्या टोचल्या तर कुत्रा रोड आहे, आणि तळव्याच्या गादीखालच्या हाडांसारख्या शोधाव्या लागल्या तर लठ्ठ आहे. हा लठ्ठपणा किरकोळ समजू नये. अमेरिकेत 48 लॅब्राडोरांवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात, जोडीला लावलेल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा 25 टक्के कमी खाणाऱ्या कुत्र्यांचे मध्यम आयुष्य 13 वर्षे भरले आणि जास्त खाणाऱ्यांचे 11.2. ते निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले.

आता पोळी-दूध. माळव्यात पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, असा प्रघात आहे, आणि गल्लीतल्या कुत्र्यासाठी तो चांगलाच आहे. कारण ते कुत्रे दहा घरांतून आणि उकिरड्यावरून आणखी बरेच काही मिळवते. घरातल्या कुत्र्याला मात्र तुम्ही जे घालाल तेवढेच मिळते. पोळी त्याला पचत नाही, असे जे सांगितले जाते ते खरे नाही. स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजचा जनुक लांडग्यात दोनच प्रतींत असतो, तर कुत्र्यात तो 4 पासून 30 प्रतींपर्यंत आढळतो; माणसाच्या धान्याजवळ हजारो वर्षे राहिल्याची ही खूण आहे. अडचण पोळीत काय आहे ही नसून काय नाही, ही आहे. 30 ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यातून साधारण 100 कॅलरी मिळतात, तेव्हा त्या लॅब्राडोरचे पोट बारा-तेरा फुलक्यांनी भरेल. पण 100 ग्रॅम कणकेत कॅल्शियम जेमतेम 30 ते 35 मिलिग्रॅम असते आणि फॉस्फरस त्याच्या दसपट. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हा प्रथिनांचा आवश्यक घटकही कमी असतो. दुधाने कॅल्शियमची तूट थोडी भरून निघते, पण पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दुधातील लॅक्टोज सोसत नाही आणि त्यांना जुलाब होतात. दही त्यामानाने बरे सोसते.

केवळ मांस घालणाऱ्यांचीही चूक नेमकी हीच असते. चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरते. आहारात या दोहोंचे प्रमाण उलटे झाले की शरीर रक्तातले कॅल्शियम राखण्यासाठी हाडांतून ते काढू लागते, आणि वाढत्या पिल्लाची हाडे वाकू लागतात. म्हणून घरी शिजवून घालायचे असेल तर 10 किलोच्या प्रौढ कुत्र्यासाठी एका दिवसाचा पाया असा धरता येतो: हाडे काढून उकडलेले, कातडी नसलेले चिकन 200 ग्रॅम, शिजवलेला भात 150 ग्रॅम, दुधी, गाजर किंवा लाल भोपळा मूठभर, एक चहाचा चमचा तेल, आणि अंड्याच्या कवचाची बारीक पूड सुमारे 2 ग्रॅम. कवचे धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमधून अगदी पिठासारखी काढावीत; एका कवचात सुमारे 2 ग्रॅम निव्वळ कॅल्शियम असते, त्यामुळे एक कवच दोन-तीन दिवस पुरते. मीठ, कांदा आणि मसाला घालू नये. एवढे करूनही जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडते. ड जीवनसत्त्व कुत्र्याला उन्हात बसून पुरेसे तयार करता येत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या, तेव्हा 95 टक्के पाककृतींत निदान एक आवश्यक घटक कमी निघाला. त्यांतल्या कितीतरी पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. तेव्हा घरचे अन्न कायमचे घालायचे असेल तर जीवनसत्त्वे आणि खनिजे यांची पुरवणी पशुवैद्याकडून वजनानुसार लिहून घ्यावी. जवळच महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि शहरातील पशुवैद्यही हे काम करतात; फक्त विचारताना घरी रोज काय घालता, ते वजनासह लिहून न्यावे, नाहीतर उत्तरही ढोबळच मिळते.

ज्या घरात अंडेही येत नाही, तिथे काय करावे? कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नाही, त्यामुळे प्रौढ कुत्रा शाकाहारावर राहू शकतो. मात्र हिशेब अधिक काटेकोर लागतो. माळवा हा सोयाबीनचा प्रदेश, आणि आपल्या वाण्याकडे मिळणाऱ्या सोया बडीत वजनाच्या निम्मे प्रथिन असते. ती भिजवून, पिळून, चांगली शिजवून भातात मिसळावी; कच्चे सोयाबीन घालू नये, कारण त्यातला एक घटक प्रथिने पचू देत नाही. पनीर चालते, पण त्याबरोबर स्निग्धांशही येतो. पिल्लाला मात्र अशा घरात पिल्लांसाठीचे तयार खाद्यच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाकीट घेताना पुढच्या बाजूवरचे चित्र पाहू नये, मागची बाजू वाचावी. खाद्य ‘संपूर्ण व संतुलित’ आहे की केवळ पूरक, आणि ते पिल्लासाठी आहे की प्रौढासाठी, ही दोन उत्तरे तिथे मिळाली पाहिजेत. ओल्या आणि कोरड्या खाद्याची तुलना करताना आधी पाणी वजा करावे. 78 टक्के पाणी आणि 8 टक्के प्रथिन असलेल्या डब्यातील कोरड्या भागात 36 टक्के प्रथिन असते, तर 10 टक्के पाणी आणि 24 टक्के प्रथिन असलेल्या दाण्यांत ते 27 टक्क्यांच्या आसपास येते. प्रौढासाठी कोरड्या भागात किमान 18 टक्के आणि पिल्लासाठी किमान 22.5 टक्के प्रथिन असावे, हे अमेरिकेतील मानक सोयीचे आहे. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी वेगळे खाद्य मिळते ते घ्यावे, आणि त्यावर कॅल्शियमच्या गोळ्या मुळीच घालू नयेत. जास्तीचे कॅल्शियम त्यांच्या वाढत्या हाडांना कमतरतेइतकेच बाधते. ‘धान्यविरहित’ या शब्दासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. उलट वाटाणा आणि मसूर जास्त असलेली अशी काही खाद्ये आणि कुत्र्यांतील हृदयाच्या स्नायूंचा एक विकार, यांच्या संबंधाची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये सुरू केली होती. आणि दुकानात उघड्या पोत्यातून किलोवर मिळणारे दाणे स्वस्त पडले तरी घेऊ नयेत: पाकीट कधी फोडले ते कळत नाही, आणि श्रावणातल्या दमट हवेत धान्यावर धरणाऱ्या बुरशीचे विष यकृतावर जाते.

ताटातल्या वस्तूंबाबत इंदुरात जास्तच सांभाळावे लागते, कारण इथे दिवस पोह्यांनी सुरू होतो आणि शेव कशावरही पडते. पोह्यांतला कांदा आणि लसूण-शेवेतला लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने तो धोका जात नाही. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांद्याने रक्तात दखल घेण्याजोगा बिघाड होतो, आणि रोज थोडे-थोडे दिल्यास तो साठत जातो. मनुका आणि द्राक्षे मूत्रपिंडे निकामी करू शकतात, त्यामुळे प्रसादाच्या शिऱ्यातली मनुका काढूनही तो देऊ नये. चॉकलेट, चहा, कॉफी आणि झायलिटॉल घातलेली साखरविरहित च्युइंगम यांनाही तीच बंदी आहे. शिजवलेली हाडे फुटून आतडे चिरतात. तुपाचे मात्र मी अनुभवाने सांगतो: एका रविवारी दाल-बाफल्यांच्या जेवणानंतर मीच तुपात बुडवलेला अर्धा बाफला (उकडून भाजलेला कणकेचा गोळा) आमच्या कुत्र्यापुढे टाकला, आणि त्या रात्रीच्या उलट्या पुढे स्वादुपिंडाच्या सुजेवर गेल्या. पाच किलोच्या कुत्र्याची दिवसाची गरजच पावणेचारशे कॅलरींची असते. तुपाचा एक चमचा त्यातल्या 45 घेतो. बिस्किटे, चीज, फळाची फोड हे सारे मिळून दिवसाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावे. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला दोन ग्लुकोज बिस्किटे, आणि तीही घरातल्या सगळ्यांनी मिळून.

प्रौढ कुत्र्याला दिवसातून दोनदा जेवण घालावे, पिल्लाला तीन-चारदा. छाती खोल असलेल्या मोठ्या जातींना एकाच वेळी भरपूर घालू नये, कारण त्यांच्यात पोट फुगून पिळण्याचा धोका असतो. इंदूरच्या मे महिन्यात ओले अन्न वाडग्यात तास-दोन तासांहून अधिक राहू देऊ नये. नवे खाद्य एकदम सुरू न करता सात ते दहा दिवसांत जुन्यात मिसळत वाढवावे: पहिले दोन-तीन दिवस पाव भाग, मग अर्धा, मग पाऊण. विष्ठा सैल झाली तर एक पायरी मागे यावे. दोन आठवड्यांनी पुन्हा काट्यावर उभे राहावे, बरगड्या चाचपाव्यात आणि मापात दहा टक्क्यांची घट किंवा वाढ करावी.