हॉरर फिल्म स्वतःच्या हिमतीवर काढायचीय? आधी शॉर्ट फिल्म काढा

हॉररमध्ये स्टार नसला तरी लोक तिकीट काढतात, म्हणून नवीन डायरेक्टरला इथून शिरणं त्यातल्या त्यात सोपं जातं. पण दोन तासांची स्क्रिप्ट घेऊन प्रोड्युसरच्या मागे फिरू नका, कागद वाचून कोणी घाबरत नाही, भीती दाखवावीच लागते.

अमेरिकन डायरेक्टर सॅम रेमीने तेच केलं. १९७८ ला मित्रांना घेऊन सुपर ८ वर, म्हणजे घरगुती वापराच्या स्वस्त छोट्या फिल्मवर, अर्ध्या तासाची 'विदिन द वूड्स' काढली आणि ती दाखवत दाखवत डेंटिस्ट, वकील अशा लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवले, त्यातून पुढे 'द ईव्हिल डेड' झाला. आपल्या राही अनिल बर्वेंचीसुद्धा 'मांजा' ही शॉर्ट फिल्म आधी आली, 'तुंबाड' नंतर. आणि 'तुंबाड'चं शूटिंग २०१२ ला सुरू झालं, थिएटरला लागायला २०१८ उजाडलं. एवढी वर्षं घर कसं चालणार याचा विचार आधीच करा. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढणारा जॉर्ज रोमेरो आधी अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये जाहिराती शूट करायचा, त्यात पैसेही मिळाले आणि कॅमेऱ्यावर हातही बसला. लग्नाचं शूट, कॉर्पोरेट व्हिडिओ, एडिटिंग, काहीही घ्या, त्यात कमीपणा अजिबात नाही.

शॉर्ट फिल्म एका घरात, तीन-चार कलाकारांत बसवा. ओरेन पेलीने 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' सॅन डिएगोच्या स्वतःच्या घरात साधारण १५ हजार डॉलरमध्ये शूट केली. घरातले रात्रीचे सीन दिवसा खिडक्यांना काळं कापड लावून करता येतात, पहाटे तीनला दमलेल्या युनिटकडून चांगलं काम होत नाही. रक्ताचा सीन असेल तर त्या कपड्यांचे दोन-तीन सेट ठेवाच, नाहीतर एका टेकनंतर सगळं थांबतं.

आणि साउंड!! पैसे कमी असतील तर लेन्स साधी घ्या पण साउंड रेकॉर्डिस्ट चांगला घ्या. पिक्चर थोडा ग्रेनी, म्हणजे दाणेदार दिसला तर प्रेक्षक चालवून घेतो, डायलॉग घुमला की तो फिल्ममधून बाहेरच पडतो. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर रूम टोन, म्हणजे त्या खोलीचा शांत असतानाचा आवाज, रेकॉर्ड करा, कारण दचकवायच्या आधीची शांतता त्यातूनच उभी राहते, एडिटमध्ये नुसता आवाज बंद केला तर ते खोटं वाटतं.

कागदपत्रं मात्र कंटाळा न करता करा. रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं नाव १९६८ मध्ये डिस्ट्रिब्युटरने बदललं, त्यात कॉपीराइटची ओळ राहून गेली आणि अमेरिकेतल्या तेव्हाच्या कायद्याने फिल्म पब्लिक डोमेनमध्ये गेली, म्हणजे कोणीही दाखवा, कोणीही विका. आपल्याकडे तशी ओळ लागत नाही, पण कायद्याने फिल्मचा पहिला मालक प्रोड्युसर असतो, डायरेक्टर नाही. म्हणून दुसऱ्याचे पैसे घेताना सिक्वेल, रीमेक, ओटीटीचे हक्क कुणाचे हे आधी लिहून घ्या. स्क्रिप्ट स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये, म्हणजे फिल्म लेखकांच्या संघटनेत, रजिस्टर करा, म्युझिकवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांच्या सह्या घ्या, मित्र असले तरी.

'तुंबाड' २०२४ मध्ये परत थिएटरला लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. तेव्हा फुटेज, साउंडचे वेगळे ट्रॅक, सबटायटल फाइल सगळं दोन हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.