जांभळा दिवा काढला, कळ्या आल्या

बाल्कनीसमोर इमारत उठली, ऊन अडलं आणि माझी आफ्रिकन व्हायोलेटची छोटी फुलझाडं हॉलमधल्या कपाटावर आली. वर ऑनलाइन मागवलेला जांभळा ग्रो लाइट, म्हणजे घरात झाडं वाढवायचा दिवा. सासूबाई म्हणाल्या, "घरात ऑर्केस्ट्रा बार काढलाय का?"

चार महिन्यांत देठ लांबलचक झाले, फूल एकही नाही. त्या उजेडात पानांच्या बेचक्यातला पिठ्या ढेकूण हा किडाही दिसला नव्हता. तो मला दिसला थेट खिडकीशी नेल्यावर, कापसाच्या कणांसारखा.

मग साध्या एलईडी ट्यूब लावल्या: एक ६५०० केल्विनची (हे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढरी, एक ३००० ची पिवळसर. पहिलीत निळा भाग जास्त, त्याने रोप आटोपशीर राहतं. दुसरीत लाल जास्त, तो फुलांना उपयोगी. पण खरं सांगू? सगळा दोष रंगाचा नव्हता. जुना दिवा मिणमिणता, वर दोन फूट उंच, आणि मी तो रात्रभर चालू ठेवायचे. व्हायोलेटला रोज आठेक तास अंधार लागतोच. आता ट्यूब पानांपासून फूटभर वर, टायमर सकाळी ७ ते संध्याकाळी ७.

नवव्या आठवड्यात पानाखालून तीन कळ्या डोकावल्या. पिठ्या ढेकूण अजून अधूनमधून येतो, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीने टिपते.