हॅशवरून ओळखीच्या फाइली बाजूला कशा काढाव्यात

नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारातून आलेली जुनी हार्ड डिस्क तपासायला घेतली की तिच्यावर लाखो फाइली निघतात, आणि त्यांतल्या बहुतेक विंडोज, ऑफिस अशा सर्वांकडे असणाऱ्या सॉफ्टवेअरच्या असतात. त्या एकेक उघडून पाहण्यात दिवस घालवू नयेत.

राइट ब्लॉकर (डिस्कवर काहीही लिहिले जाऊ न देणारे साधन) लावून आधी डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, तयार करावी आणि पुढचे सगळे काम इमेजवरच करावे. मग प्रत्येक फाइलचा शा-२५६ पद्धतीचा हॅश, म्हणजे तिच्या आतल्या माहितीवरून गणिताने निघणारा ठसा, काढावा. लिनक्सवर शा२५६सम आणि विंडोजवर सर्टयुटिल हे काम करते. हा हॅश ६४ अंक-अक्षरांचा असतो. फाइलचे नाव बदलले तरी तो तोच राहतो, पण आतला एक बिट जरी बदलला तरी पार वेगळा येतो. एकाच हॅशच्या दोन वेगवेगळ्या फाइली एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीबाबत २००४ मध्ये आणि शा-१ या पद्धतीबाबत २०१७ मध्ये करून दाखवल्या गेल्या, म्हणून केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

हे हॅश अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या, ओळखीच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींचे हॅश नोंदवणाऱ्या नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररीशी ताडावेत. तिचा संच एसक्यूलाइट या डेटाबेसच्या स्वरूपात मोफत मिळतो. पहिल्या खेपेला माझी एकही फाइल जुळली नव्हती आणि एक अख्खी संध्याकाळ मी इमेजच पुन्हा तपासत बसलो होतो. संचातले हॅश मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत होते, शा२५६सम ते लहान लिपीत देते, आणि एसक्यूलाइटला ही दोन रूपे वेगळी वाटतात. दोन्ही बाजू आधी एकाच लिपीत आणाव्यात. ई३बी०सी४४२ ने सुरू होणारा हॅश वारंवार दिसला तर घाबरू नये, तो रिकाम्या फाइलचा असतो.

जुळलेली फाइल ओळखीची ठरते, निर्धोक ठरत नाही, कारण या संचात पासवर्ड फोडणारी आणि माहिती दडवणारी साधनेही नोंदलेली आहेत; ती वेगळी काढून पाहावीतच. उलट, न जुळलेली फाइल संशयास्पदच असते असे नाही. कळमन्याच्या अडत्याकडे चालणारे, इथेच कोणीतरी लिहून दिलेले हिशोबाचे सॉफ्टवेअर त्या लायब्ररीत कुठून असणार? असे सॉफ्टवेअर मूळ सीडीवरून कोऱ्या संगणकावर बसवावे, त्याच्या सगळ्या फाइलींचे हॅश काढावेत आणि आवृत्ती व तारखेसह आपल्या स्वतःच्या यादीत नोंदवून ठेवावेत.