दमट हवेत प्रीअँप खरखरतो? आयसी बदलण्याआधी बोर्ड धुवा

घरी बनवलेला प्रीअँप (मुख्य अँप्लिफायरच्या आधी कमजोर सिग्नल वाढवणारं सर्किट) दमट दिवशीच खरखरत असेल, तर संशय आधी सर्किट बोर्डावर घ्या. तपकिरी कागदी फिनॉलिक बोर्ड ओल धरतो. त्यावर फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरलेल्या रसायनाचा) चिकट थर राहिला, की १ मेगाओहमच्या, म्हणजे खूप जास्त रोधाच्या इनपुटपाशी करंट झिरपू लागतो.

१. सप्लाय काढा, मोठे कपॅसिटर डिस्चार्ज करा.
२. सोल्डरची बाजू ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने घासा. ओलं असतानाच कापडाने टिपा, नाहीतर विरघळलेला फ्लक्स पुन्हा पसरतो. वाळल्यावर पांढरट साय दिसली तर परत धुवा.
३. तासभर सुकू द्या.
४. तरीही खरखर राहिली, तर आयसीची इनपुट पिन (टीएल०७२ या ऑडिओत नेहमी वापरल्या जाणाऱ्या आयसीला पिन ३ आणि ५) बोर्डातून वर उचला. रेझिस्टर-कपॅसिटरचे पाय तिला हवेतच जोडा. दिसायला ओबडधोबड, पण गळतीचा रस्ताच तुटतो.

नवीन बोर्ड घेणार असाल तर ग्लास-इपॉक्सीचा एफआर-४ पुरतो. स्पीकरकडच्या भागासाठी महागडा टेफ्लॉन बोर्ड म्हणजे निव्वळ हौस.

सांभाळा: फिनॉलिकवर सोल्डरिंग गन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, तांब्याचा पॅड सुटून येतो.