विसार देण्याआधी पिल्लाची आई पाहावी

सहा आठवड्यांचे लॅब्राडोरचे पिल्लू हातात घेतले की तपासणी राहूनच जाते, आणि खरे सांगायचे तर त्या वयाच्या पिल्लात तपासण्यासारखे फारसे काही नसतेही. जातिवंत कुत्र्यांचे जे आजार मालकाला पुढे आयुष्यभर पुरतात, त्यांतले बहुतेक पिल्लूपणी दिसत नाहीत. खुब्याचा सांधा सैल आहे हे कळायला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचा काळ जातो, पगचा श्वास वयाबरोबर आणि वजनाबरोबर अडू लागतो, आणि डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक ऱ्हास तर काही वर्षांनी, संध्याकाळच्या अंधारात कुत्रे दाराच्या चौकटीला धडकू लागल्यावर लक्षात येतो. मात्र हे सगळे ज्या शरीरातून पिल्लात उतरते, ते शरीर विक्रेत्याच्या अंगणात उभे असते, किंवा असायला हवे. म्हणून या लेखात पिल्लू कसे निवडावे यापेक्षा त्याची आई, आणि जमल्यास बाप, कसा पाहावा याविषयी अधिक लिहिले आहे.

आमच्या घरी आलेल्या लॅब्राडोरची आई आम्ही पाहिली नव्हती. ती 'गावाकडच्या फार्मवर' होती. चौदाव्या महिन्यात आमची कुत्री जिना चढताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकत्र उचलू लागली, तेव्हा एक्स-रे काढला, आणि मग पुष्कळ उशिरा या विषयाचा अभ्यास सुरू झाला.

फोनवरच विचारायचे प्रश्न

पिल्लू पाहायला जाण्याआधी फोनवर काही गोष्टी विचाराव्यात, कारण प्रत्यक्ष गेल्यावर मुले सोबत असतात आणि रिकाम्या हाताने परतणे अवघड होते. आई त्याच जागी आहे का, तिचे वय किती, हे तिचे कितवे वेत, आधीचे वेत कधी झाले आणि या वेळी पिल्ले नैसर्गिकरीत्या झाली की सिझर करावे लागले, एवढे विचारले तरी समोरच्या माणसाचा अंदाज येतो. आपल्याकडे २०१७ सालापासून कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र नियम आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ते केलेले असून त्यांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे, मादी किमान १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिच्यापासून पैदास करता येत नाही, आयुष्यात तिची पाचपेक्षा जास्त वेते घेता येत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक मागितल्यावर जो 'आम्ही घरगुती ब्रीडर आहोत, आम्हाला ते लागत नाही' असे म्हणतो, पण वर्षातून तीन-चार वेते विकतो, तो घरगुती नव्हे.

सिझरचा प्रश्न कोणाला खासगी वाटेल, पण बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांच्या बाबतीत तोच पहिला विचारावा. पिल्लाचे डोके मोठे आणि आईचे कटीर अरुंद, अशी रचना माणसाने निवडीतून घडवलेली आहे. ब्रिटनमधील एका पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, या दोन्ही जातींची ८० टक्क्यांहून अधिक वेते शस्त्रक्रियेने झालेली आढळली. ज्या जातीला स्वतःची पिल्ले जन्माला घालण्यासाठी ऑपरेशन टेबल लागते, तिच्या पिल्लाची किंमत जास्त का असते याचे एक उत्तर इथेच मिळते.

चपट्या नाकाची आई

पग आपल्याकडे पूर्वीही होते, पण २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे फिरणारा पग घराघरांत पोहोचला आणि मागणी एकदम वाढली. वाढलेली मागणी पुरवायची म्हणजे मिळेल त्या मादीपासून मिळेल तितकी पिल्ले घ्यायची, हे ओघाने आलेच.

पग, शी त्झू, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांच्या कवटीची लांबी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कमी केली गेली. परंतु आतला मऊ भाग त्या प्रमाणात आखडला नाही. त्यामुळे नाकपुड्या फटीसारख्या उरतात, टाळूचा मागचा मऊ पडदा लांब पडून श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतो, आणि कुत्र्याला प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो. वर्षानुवर्षे असे ओढत राहिल्याने घशातले इतर भागही सुजतात आणि मार्ग आणखी अरुंद होतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकून तोंडातली आणि नाकातली ओल उडवणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य उपाय असतो. ज्याचा श्वासमार्गच अडलेला आहे, तो विदर्भातल्या मे महिन्यात अंग थंड कसे ठेवणार, हा प्रश्न पिल्लू घेणाऱ्याने घेण्याआधी स्वतःला विचारावा.

आईची तपासणी पुढीलप्रमाणे करता येते. सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर जावे. दुपारी हा प्रयोग कधीही करू नये. प्रथम ती शांत बसलेली असताना दोन मिनिटे गप्प राहून फक्त ऐकावे. जागेपणी, काहीही न करता घरघर किंवा घोरल्यासारखा आवाज येत असेल, तर 'पग असेच घोरतात' हे उत्तर स्वीकारू नये. बहुसंख्य पग असे घोरतात ही त्या जातीची तक्रार आहे, तिचे वैशिष्ट्य नव्हे. मग नाकपुड्या समोरून पाहाव्यात. त्या उघड्या, गोलसर असाव्यात. श्वास घेताना आत ओढल्या जात असतील तर ते वाईट लक्षण आहे. शेवटी तिला तीन मिनिटे भरभर चालवावे आणि पुन्हा ऐकावे. केंब्रिज विद्यापीठात तयार झालेल्या आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१९ पासून अवलंबलेल्या श्वसनचाचणीतही दुडक्या चालीने तीन मिनिटे चालवून त्याआधी आणि नंतर स्टेथोस्कोपने गळा ऐकतात, आणि ० ते ३ अशी श्रेणी देतात. आपल्या कानाला स्टेथोस्कोपची सर येणार नाही, पण तीन मिनिटांच्या चालीनंतर आवाज वाढला, जीभ निळसर झाली किंवा ती मध्येच आडवी झाली, तर आणखी काही तपासण्याची गरज उरत नाही. आई नुकतीच व्यालेली आणि थकलेली असेल तर तिला चालवण्याचा आग्रह धरू नये, बाप पाहायला मागावा.

डोळेही पाहावेत. खोबणी उथळ असल्यामुळे पगचे डोळे बाहेर आलेले असतात, पापण्या नीट मिटत नाहीत आणि बुबुळावर व्रण पडतात. आईच्या बुबुळावर तपकिरी किंवा काळपट थर दिसला तर तो जुन्या कोरडेपणाचा आणि घर्षणाचा असू शकतो. नाकावरच्या वळीत बोट घालून वास घ्यावा. ओशट, आंबूस वास आला तर तिथे कायमचा संसर्ग आहे.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणि खुबा

मोठ्या जातींत पहिला प्रश्न खुब्याचा. मांडीच्या हाडाचा गोल माथा वाटीत घट्ट बसत नाही, सांधा हलत राहतो, झिजतो, आणि तरुणपणीच संधिवात सुरू होतो. आई बसलेली असताना उठते कशी, ढुंगण उचलायला पुढच्या पायांचा आधार जास्त घेते का, चालताना मागचा भाग डोलतो का, हे पाहावे. तथापि इथे डोळ्यांवर विसंबून राहता येत नाही, कारण सैल खुब्याची कितीतरी कुत्री पहिली काही वर्षे व्यवस्थित पळतात. खात्रीचा पुरावा एकच, तो म्हणजे भूल किंवा गुंगी देऊन ठरावीक स्थितीत काढलेला एक्स-रे. अमेरिकेतील पद्धतीत हा अंतिम दाखला कुत्रे दोन वर्षांचे झाल्यावरच देतात. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण असतात, दोन्हींची बेरीज जास्तीत जास्त १०६ होते आणि गुण जितके कमी तितके चांगले. आपल्याकडे असा दाखला दाखवणारे ब्रीडर थोडे आहेत, पण आहेत, आणि मागणारे वाढल्याशिवाय ते वाढणार नाहीत. निदान आई-बापांच्या एक्स-रेची प्रत मागून आपल्या पशुवैद्याला दाखवावी.

विक्रेता इथे 'डबल बोन' हा शब्द हमखास वापरतो. शरीरशास्त्रात असे काही नसते. जाड हाडाचे, गुबगुबीत, वजनदार पिल्लू म्हणजे बहुधा जास्त खाऊ घातलेले पिल्लू, आणि वाढत्या वयातले जादा वजन सैल खुब्याला अधिकच मारक ठरते. ४८ लॅब्राडोरांवर चाललेल्या एका दीर्घ अमेरिकी अभ्यासात ज्यांना त्याच वेतातल्या जोडीच्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले गेले, ती कुत्री सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा बिघडले. शिवाय लॅब्राडोरची भूक हा केवळ लाडाचा प्रश्न नाही: २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरांत असा जनुकीय बदल आढळला, ज्यामुळे पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. आई लठ्ठ असेल तर हेही ध्यानात ठेवावे.

लॅब्राडोरमधील डोळ्याच्या पडद्याच्या ऱ्हासासाठी डीएनए चाचणी उपलब्ध आहे. हा दोष अप्रभावी (रिसेसिव्ह) असल्याने सदोष जनुकाची एकच प्रत असलेले कुत्रे, म्हणजे वाहक, स्वतः निरोगी असते. आई आणि बाप दोघेही असे वाहक असतील, तर प्रत्येक पिल्लाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून एका पालकाचा निर्दोष अहवालही बराच उपयोगी पडतो.

नात्यातली जोडी

केनेल क्लब ऑफ इंडियाचा, म्हणजे बोलीभाषेत केसीआयचा, कागद आहे की नाही यावर पिल्लाचा भाव ठरतो. हा कागद पूर्वज सांगतो, आरोग्य सांगत नाही. तरीही तो अवश्य मागावा आणि किमतीसाठी नव्हे, नावांसाठी वाचावा. आईच्या आणि बापाच्या बाजूला आजी-आजोबांत एकच नाव दोनदा आले आहे का ते पाहावे. सख्ख्या भावाबहिणींची किंवा बाप-लेकीची जोडी लावली तर पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के होतो, सावत्र भावंडांची लावली तर १२.५ टक्के आणि चुलत-मावस भावंडांची लावली तर ६.२५ टक्के. पूर्वीच्या पिढ्यांतली नाती धरली तर खरा आकडा याहूनही वर जातो. ब्रिटिश केनेल क्लबने पहिल्या प्रकारच्या जोड्यांची पिल्ले नोंदवणे २००९ साली बंद केले, ते त्याच्या आदल्या वर्षी बीबीसीच्या माहितीपटावरून बराच गदारोळ झाल्यानंतर. माहितीपटाच्याच वर्षी, २००८ साली, लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवले की ब्रिटनमधल्या सुमारे १०,००० पगांमधली जनुकीय विविधता जेमतेम ५० कुत्र्यांएवढी आहे. एकच 'चॅम्पियन' नर शेकडो माद्यांना लावला की असे होते.

सोयरीक जमवताना गोत्र आणि चार पिढ्यांची चौकशी करणारी आपली माणसे कुत्र्याच्या बाबतीत 'लाइन ब्रीडिंग' हा शब्द ऐकून खूश होतात, याचे मला नेहमी नवल वाटते. लाइन ब्रीडिंग म्हणजे नात्यातलेच लग्न, जरा दुरून लावलेले.

शेवटी पिल्लू

आईने परीक्षा पार केली तरच पिल्लांकडे वळावे. दाखवलेली मादी खरोखर त्यांची आई आहे का, हे कळायला वेळ लागत नाही: तिचे स्तन भरलेले किंवा नुकतेच ओसरलेले असतात आणि पिल्ले तिच्याकडे धावतात. पिल्लू घरात, माणसांच्या आवाजात वाढले आहे का ते पाहावे, कारण साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जे अनुभवले नाही, त्याची भीती पुढे फार दिवस राहते. पेट्रोल पंपावर किंवा पार्किंगमध्ये पिल्लू ताब्यात देऊ करणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. 'टीकप' (म्हणजे अगदी चिमुकला), 'निळ्या डोळ्यांचा', 'दुर्मीळ रंगाचा' असे शब्द आले की सावध व्हावे. दोन ठिपकेदार मर्ल कुत्र्यांच्या जोडीतून जन्मलेली पिल्ले बहिरी किंवा आंधळी निघू शकतात, आणि राखाडी-निळ्या फ्रेंच बुलडॉगला केस गळण्याचा त्वचारोग होण्याचा धोका असतो.

विसार देताना साध्या कागदावर लिहून घ्यावे की ४८ तासांत आपल्या पशुवैद्याने तपासणी केल्यावर दोष आढळल्यास पिल्लू परत घेतले जाईल. पार्वो विषाणूची लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, त्यामुळे पहिला आठवडा पिल्लाच्या उलटी-जुलाबावर विशेष लक्ष ठेवावे आणि लसीकरणाच्या पुस्तिकेवर पशुवैद्याची सही व लसीचे लेबल आहे का, ते घेतानाच पाहावे.

आई वाईट स्थितीत दिसली तर पिल्लाची दया येते आणि 'निदान याला तरी सोडवू' असे वाटते. दिलेल्या पैशांतून त्याच मादीचे पुढचे वेत होते. अशा वेळी पिल्लू न घेता बाहेर पडावे आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे किंवा जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे लेखी तक्रार करावी.

ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीच आले आहे, त्यांनी वजन बरगड्या बोटांना सहज लागतील इतके ठेवावे, पगला गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा, आणि नाकपुड्या अरुंद असतील तर त्या रुंद करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी तरुण वयातच पशुवैद्याशी बोलावे, कारण घसा सुजून बिघडण्याआधी केलेली शस्त्रक्रिया जास्त उपयोगी पडते. आनुवंशिक आजाराचे निदान झाल्यास त्या अहवालाची प्रत, भांडण न करता, ब्रीडरला पाठवावी आणि त्याच वेतातली इतर पिल्ले ज्यांच्याकडे गेली त्यांनाही कळवण्यास सांगावे. आम्ही एक्स-रे पाठवला, तेव्हा उत्तर आले नाही. पण त्याच वेतातल्या एका कुत्र्याच्या मालकांनी तो पाहून आपल्याही कुत्र्याचा एक्स-रे काढून घेतला.