२४ फुटांत संसार कसा मांडायचा

इथे अमेरिकेत गणपतीची आरती झाली की मंडळात कुणीतरी नुकतंच निवृत्त झालेलं जोडपं मला गाठतं. "आम्हालाही आरव्ही घ्यायचीय, कुठली घेऊ?" आरव्ही म्हणजे आत पलंग, शेगडी, संडास असलेली फिरती घरगाडी. मी सांगते, आधी आठवडाभर भाड्याने घ्या, आणि त्यात एक दिवस तरी धो धो पाऊस पडू दे. संडासाचं दार उघडलं की पलंगाकडची वाट बंद होते. असा दिवस जे नवरा-बायको न भांडता काढतील त्यांनीच पुढचं वाचावं.

आमची गाडी क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा असतो ती. लांबी २४ फूट. आमचे हे ३२ फुटीवर भाळले होते, कारण तिच्यात सोफा होता. मी अडून बसले. राष्ट्रीय उद्यानांतल्या जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये कितीतरी जागा आखूड असतात, लांब गाडी तिथे शिरतच नाही. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या गोइंग-टू-द-सन रोडवर अव्हॅलांच ते रायझिंग सन या टप्प्यात तर २१ फुटांवरच्या गाडीला बंदीच आहे. तिथे आम्हीही बसनेच गेलो.

वापरलेली गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाआधी छप्पर बघा. शिवणी, कोपरे तपासा, कपाटांत हात घालून ओल लागते का पाहा, कुबट वास येतो का पाहा. टायरची नक्षी बघून फसू नका. टायरच्या कडेला डॉट (DOT) या अक्षरांपुढच्या क्रमांकात शेवटचे चार आकडे असतात, त्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३५१७ म्हणजे २०१७ सालचा ३५वा आठवडा. या गाड्या धावतात कमी, उभ्या जास्त, त्यामुळे टायर झिजायच्या आधीच म्हातारे होतात. आणखी एक, गाडीची उंची मोठ्या आकड्यांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. आमची ११ फूट २ इंच. न्यू जर्सीहून वर निघालं की न्यूयॉर्क-कनेक्टिकटच्या पार्कवेंवरचे, म्हणजे कारसाठीच्या रस्त्यांवरचे, पूल ठेंगणे आहेत, आणि फोनमधल्या साध्या नकाशाला तुम्ही कार चालवताय असंच वाटत असतं.

गाडी मागे घेताना खाली उतरलेल्या माणसाने फक्त एकच शब्द ओरडायचा: थांबा. पहिल्या वर्षी मी "अहो, इकडे, इकडे" करत राहिले आणि मागची शिडी पाईनच्या झाडावर वाकली. आरशात मी दिसेनाशी झाले, की हेही आपोआप थांबतात. हा नियम हॉटेलच्या खोलीत झोपून केलेल्या भांडणातून निघाला आहे.

आता ज्याबद्दल सगळे हळू आवाजात विचारतात ते. टाक्या तीन: पिण्याच्या पाण्याची, मोरीच्या पाण्याची म्हणजे ग्रे, आणि संडासाची म्हणजे ब्लॅक. आधी ब्लॅक रिकामी करायची, मग ग्रे. मोरीचं पाणी त्याच नळीतून गेलं की नळी आपोआप धुतली जाते. मुक्कामी नळी गटाराला जोडलेली असली तरी ब्लॅकची झडप उघडी ठेवू नका. पाणी वाहून जातं, बाकीचं तळाशी बसतं आणि वाळतं. पुढचं सांगत नाही. टाकी अर्ध्याच्या वर भरू द्यायची, मग एकदम सोडायची. इथे मात्र माझ्या आजीचं सोवळं कामाला आलं. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी आणि मैल्याची नळी वेगवेगळ्या कप्प्यांत, हातमोजे वेगळे, आणि मैल्याचं काम करणाऱ्याने त्या दिवशी पांढऱ्या नळीला शिवायचं नाही. नळाला जोडताना मध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा, नाहीतर गाडीतले पाइप फुटतात. वीज जोडण्याआधी सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर अडवणारं यंत्र, लावा.

फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजणारच. तेल तापायच्या आधी छतातला पंखा सुरू करायचा आणि समोरची खिडकी उघडायची. मिरची घालायची असेल तर शेगडी सरळ बाहेरच्या टेबलावर न्यायची. अस्वलांच्या भागात मात्र बाहेर जेवलात तर कढईच काय, चमचाही मागे ठेवायचा नाही. दोन लिटरचा कुकर हवाच. युटातलं ब्राइस कॅन्यन ८,००० फुटांच्या आसपास उंचीवर आहे, तिथे उघड्या भांड्यात तूरडाळ संध्याकाळपर्यंत टणटणीत राहते. ताटं धुण्याआधी कागदाने पुसून घ्या, ग्रे टाकी फार लवकर भरते. गोडा मसाला, मेथकूट आणि भाजणी घरून घ्या, बाकी कुठेही मिळतं.

आमचा मुख्य नियम असा, की दिवस लहान ठेवायचा. २०० मैल आणि दुपारी तीन, यांतलं जे आधी होईल तिथे मुक्काम. उजेडात पोचलं की गाडी समपातळीत लागते, चहा होतो आणि संध्याकाळचे पक्षी बघायला मिळतात.

पक्ष्यांचं वेड मला इथे लागलं. माहेर निफाडचं, नांदूरमध्यमेश्वर जवळच, पण लग्नाआधी तिथे मी बगळ्यापलीकडे काही पाहिलं नाही. आता दर नोव्हेंबरला न्यू मेक्सिकोत बोस्के देल अपाचे या पक्षी अभयारण्याला जातो. सँडहिल क्रेन, म्हणजे आपल्या करकोच्यांचे राखाडी भाऊबंद, रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात आणि सूर्य उगवताना थव्याथव्याने उठतात. त्याआधी तिथे पोचायला हवं, आणि मुक्काम वीसेक मैल दूर सोकोरोला. पहिल्या वर्षी पहाटे पाचला पाण्याची नळी नळालाच गोठून बसलेली. चहाच्या पातेल्यात पाणी उकळून ओतलं, तेव्हा सुटली. पोचलो तर तळं रिकामं, नुसती पिसं तरंगत होती. म्हणून थंडीत गाडीची आतली टाकी संध्याकाळीच भरून घ्या, नळी काढून निथळून ठेवा, विजेची केबलही रात्री नऊपर्यंत काढा. मग पहाटे फक्त किल्ली फिरवायची. आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारं मर्लिन हे कॉर्नेल विद्यापीठाचं ॲप निघण्याआधीच त्या त्या भागाच्या पक्ष्यांसह उतरवून घ्या, तिकडे सिग्नल नसतो. ह्यांना वॉर्बलर या चिमुकल्या पक्ष्याची बारीक शीळ आता ऐकू येत नाही, फोनवर नाव उमटलं की दुर्बीण वर जाते.

डोंगर चालण्याबद्दल सह्याद्रीत फिरलेल्यांना खास सांगते. हरिश्चंद्रगडाला चढ आधी, उतार नंतर, दमलात तर तिथूनच मागे फिरता येतं. ग्रँड कॅन्यनला सगळं उलटं. उतरताना गाणी सुचतात आणि चढ शेवटी, उन्हात. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा आणि घड्याळ बघून परत फिरा. आम्ही साउथ कायबाब या पायवाटेने ऊ-आ पॉइंटपर्यंतच जातो, ०.९ मैल खाली. वाटेत पाणी अजिबात नाही. त्या वाटेच्या सुरुवातीला खासगी गाडी नेता येत नाही, बस पकडावी लागते. गाडीला वीज-पाणी हवं असेल तर साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, ट्रेलर व्हिलेज हा तळ आहे. मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये ती सोय नाही, पण झाडं जास्त आणि पैसे कमी.

पैशांचं थोडक्यात. वय ६२ झालं आणि नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असलं की ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आयुष्यभराचा सीनियर पास मिळतो, आणि केंद्र सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडमध्ये भाडं अर्धं होतं. भारतातून आलेल्या विहीणबाईंना तो मिळत नाही. आमच्या गाडीला एका गॅलनला नऊ मैल पडतात, तेव्हा विमानापेक्षा स्वस्त वगैरे कुणाला सांगू नका.

मुलगा डेन्व्हरला असतो. त्याच्या सोसायटीत रस्त्यावर आरव्ही उभी करू देत नाहीत, आणि मला ते बरंच वाटतं. आम्ही चेरी क्रीक स्टेट पार्कमध्ये राहतो. सुनेचं स्वयंपाकघर सुनेचं राहतं, मी माझ्या डब्यात पिठलं करते, आणि नात रात्री माळ्यावर झोपायला येते. माळ्याला जाळी लावून घ्या. गाडी चालू असताना मुलांना माळ्यावर ठेवू नका, पट्टा असलेल्या सीटवरच बसवा, कितीही रडली तरी. राष्ट्रीय उद्यानात गेलात की आत शिरताच ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागून घ्या. ती भरून दिली की मुलं शपथ घेतात, बिल्ला मिळतो, आणि तुमचे तीन तास सुखात जातात.

दुर्बीण नातीला वेगळी द्या, तुमची देऊ नका. वहीही वेगळी द्या. नातीच्या यादीत सध्या ४३ पक्षी आहेत. त्यांतली एक शेजाऱ्यांची कोंबडी आहे. आबांनी ती खोडायला पेन काढलं होतं, मी काढून घेतलं.